फटफटीचं तोंड घराकडे

सुखदेव, तू गेल्याची बातमी आमच्या दैनिकात आतल्या पानावर आली. गाव, वय, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे. ती मी लिहिली नाही. पाळीवर असलेल्या सहकाऱ्याने लिहिली आणि तिच्यात चूक एकही नाही. त्याने तुला ‘ढाब्याचे व्यवस्थापक’ म्हटलं आहे. तू ते कात्रण खिशात घालून फिरला असतास.

त्या ओळींत नाही ते असं : तू एका बाईच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट पाहत होतास. कुठलंही वाक्य चाललं असतं. ‘तू मारलंस’ चाललं असतं, ‘तुझा दोष नाही’ चाललं असतं, नुसती शिवीही चालली असती. ती बाई माझी वहिनी, कमल. मेलेला माणूस माझा दादा, प्रल्हाद मास्तर. त्याला शेवटची बाटली देणारा आणि त्याची फटफटी चालू करून देणारा माणूस तू.

कल्लूचं ते दुकान फाट्यावर होतं, आदिलाबादहून येणारी सडक आणि आपल्या गावची कच्ची वाट मिळते तिथे. शिंदीला तिथे सगळे कल्लूच म्हणत. मराठी, तेलुगू, गोंड, सगळे. बाजाराच्या दिवशी दुपारपासून बाकं भरायची. बैलगाड्या चिंचेच्या सावलीला सोडलेल्या असायच्या आणि पिऊन उठलेल्या माणसाला घरी पाठवायची एक रीत होती. दुकानातल्या माणसाने बैल जुंपून द्यायचे, धन्याला हात धरून गाडीत बसवायचं, गाडीचं तोंड त्याच्या गावाकडे करायचं आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारायची. पुढचं बैल पाहत. धनी कडब्यावर घोरत पडलेला असला तरी गाडी बरोबर त्याच्या अंगणात जाऊन उभी राही. तुझे वडील त्याच दुकानात हे करत आले होते. जो एवढंही करत नाही त्याला लोक माणुसकी नसलेला म्हणत.

मग गावांत फटफट्या आल्या. रीत तीच राहिली.

आपल्या वस्तीतली पहिली फटफटी दादाची. रोज शाळेला तो तिच्यावर जाई, आणि बाजाराच्या दिवशी परतताना फाट्यावर थांबे. पिऊन आरडाओरडा करणाऱ्यांतला तो नव्हता. प्याला की सभ्य व्हायचा. एरवी ‘काय रे’ म्हणणारा दादा दुसऱ्या बाटलीनंतर ‘आपलं कसं चाललंय’ म्हणायचा, तिसरीनंतर स्वतः उठून दुसऱ्याला बाक द्यायचा. आरडाओरडा करणाऱ्यावर दुकानाची नजर असते. सभ्य होणाऱ्यावर नसते.

त्या संध्याकाळचं मला जे माहीत होतं ते तुझ्याकडूनच. दादा बाहेर आला, फटफटीवर बसला आणि त्याला किक बसेना. पाय दांडीवर ठेवी आणि पाय घसरे. बाकावरचे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, मास्तर, घोडं उपाशी आहे तुमचं. तुला वाईट वाटलं. तू हात पुसत बाहेर आलास, ‘सरका मास्तर’ म्हणालास आणि एका किकेत ती चालू करून दिलीस. हँडल धरून तिचं तोंड गावाकडे वळवलंस. दादा बसला. तू मागच्या सीटवर थाप मारलीस, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी.

दिवस मावळल्यावर दादा नाल्याच्या पुलाखाली सापडला. तो पूल फाटा आणि गाव यांच्या बरोबर मध्ये आहे. फटफटी खाली दगडांत उलटी पडली होती. पंचनाम्यात लिहिलं गेलं की दारूच्या अमलाखाली घरी परतताना तोल गेला. आमच्या दैनिकात आलं की चालकाचा ताबा सुटल्याने. मी तेव्हा नांदेडला नुकताच उपसंपादक म्हणून लागलो होतो. ते वाक्य कोणी रचावं लागत नाही. ते तयार असतं.

तिसऱ्या दिवशी तू घरी आलास. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. आल्या-गेल्याची वर्दळ होती, पण त्या घटकेला आम्ही तिघंच होतो. तू बाजेवर बसला नाहीस, खाली मातीत बसलास.

‘वहिनी,’ तू म्हणालास, ‘मास्तरले किक बसत नोती. मी मारून देली. फटफटीचं तोंड घराकडं मीच करून देलं.’

वहिनी तुझ्याकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. कप तुझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली. बोलली काहीच नाही. तू चहा संपवलास, कारण न संपवता उठणं तुला शक्य नव्हतं, आणि गेलास.

त्यानंतर दरवर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तू येत राहिलास. वहिनीला तोवर शाळेत अटेंडरची, म्हणजे शिपायाची, नोकरी मिळाली होती. तू शाळा सुटायच्या वेळी यायचास, अंगणात बसायचास. ती चहा ठेवायची. पाऊसपाणी, पोरीची परीक्षा, कापसाचा भाव, सगळं बोलणं व्हायचं. त्या संध्याकाळबद्दल नाही. एकदा परतताना तू मला म्हणालास की तिने तो चहा तुझ्या तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, तिला वेळ दे.

कल्लूचं दुकान तू सोडलंस आणि नेरडीगोंड्याजवळ हमरस्त्यावरच्या ढाब्यावर लागलास, जिथे जेवणाच्या बाजूला शेठचं दारूचंही दुकान होतं. मला आश्चर्य वाटलं होतं. आपल्या वस्तीतली पोरं तेव्हा मास्तर होत होती, कारकून होत होती. तू मॅट्रिक पास होतास, तुलाही कुठे चिकटता आलं असतं. मी विचारलं. तू म्हणालास, ‘मी सोडली तं बाटली बंद होईन काय? दुसऱ्या कोनाचा हात लागन. त्या हाताले कोन सांगन?’

हे उत्तर मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. पण त्या हाताला सांगायचं काम तू खरोखर केलंस, हे मी पाहिलं आहे.

दुपारची जेवणं आटोपली की तुझा वर्ग भरायचा, ढाब्यामागच्या खाटांवर. आधी तुझ्याच ढाब्यावरचे वाढपी, मग आजूबाजूच्या ढाब्यांवरचे, मग निर्मलच्या रस्त्यावरचे आणि पुढे मंचेरियलहून कोणीकोणी. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेला भांग, खिशाला पेन. त्या पेनाने तू काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. पोरं तुला पाठीमागे हेडमास्तर म्हणत, पण तुला ऐकू जाईल इतक्या जवळून, कारण ते ऐकलं की तू खूश व्हायचास.

एका वर्गाला मी मागच्या खाटेवर बसलो होतो. तू सांगत होतास की गिऱ्हाईक बसायच्या आधी तो गाडीतून उतरतो कसा ते पाहा, कारण तो आधीच कुठून पिऊन आला असेल तर तुमची पहिली ही त्याची चौथी असते. भाकर आणि पिठलं बाटलीच्या आधी टेबलावर गेलं पाहिजे. त्याने मागितल्याशिवाय ‘आणखी आणू का’ विचारायचं नाही. रिकाम्या बाटल्या उचलायच्या नाहीत. त्या त्याच्यासमोर राहू द्यायच्या, म्हणजे किती झाल्या ते त्याचं त्यालाच दिसतं. नाही म्हणायचं असेल तर चारचौघांत म्हणायचं नाही, कारण मित्रांसमोर ‘नाही’ ऐकलेला माणूस हट्टाने आणखी पितो. बाजूला बोलवून, खांद्यावर हात ठेवून सांगायचं. आणि गाडीची चावी गोडीगुलाबीने गल्ल्यावर ठेवून घ्यायची, पहिल्या बाटलीच्या वेळी, तो शुद्धीत असताना. नंतर मागाल तर भांडण होईल.

मग तू पिणाऱ्यांच्या नकला केल्यास. गाणारा, रडणारा, बिलावरून भांडणारा. पोरं नावं ओळखत होती आणि लोळून हसत होती. शेवटी तू शांत झालास, उठलास, एका पोराला आपली जागा दिलीस, ‘बसा ना आपण’ म्हणालास आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी पुढे केलास. पोरं त्यालाही हसली. मी हसलो नाही. मान जरा डावीकडे झुकवण्यासकट तो दादा होता. मरून काही वर्षं झालेला माझा भाऊ भर दुपारी खाटांच्या मध्ये उभा होता आणि एका वाढप्याला पाणी देत होता.

‘हसू नोका,’ तू त्यांना म्हणालास. ‘सगळ्यात आधी मरते तो हाच.’

त्या दिवशी आपलं भांडण झालं. मी म्हणालो, माझ्या भावाचा तू धडा केला आहेस. तू म्हणालास की नाव घेत नाही. मी म्हणालो, नाव न घेतल्याने तो दुसऱ्या कोणाचा भाऊ होत नाही. तू म्हणालास, ‘तुहा भाऊ हाये म्हनून नाई सांगत, पेपरवाले. माहा गिऱ्हाईक होता म्हनून सांगतो.’ भांडण तिथे मिटलं नाही, थांबलं.

तुझ्या शिकवणीचा गाभा मात्र एकच होता, आणि तो बाहेरच्या कुठल्या शिकवणीत असेल असं मला वाटत नाही. तो आपल्या रीतीतून आला होता, तिला उलटं करून. किक मारून द्यायची नाही. ज्याला स्वतःची फटफटी चालू करता येत नाही, त्याला ती चालू करून देणं म्हणजे मदत नव्हे. ट्रकला आणि जीपला किक नसते, म्हणून त्यांच्यासाठी तू दुसरा नियम काढलास. उभ्या गाडीच्या चाकाखाली ड्रायव्हर दगड लावतात. तो दगड वाढप्याने काढून द्यायचा नाही, क्लीनरलाही काढू द्यायचा नाही. ड्रायव्हरने स्वतः वाकून, काढून, बाजूला टाकून, सरळ उभं राहून दाखवायचं. जो वाकला आणि उठला नाही, त्याची खाट मागे तयार. तू म्हणायचास, ‘बैल घर वळखते. इंजिनाले घर नाई.’

शेठला हे मान्य नव्हतं. तो तुला हिंदीत टोचायचा, ‘सुखदेव, तू मेरा माल बेचता है या गिनता है?’ तू सांगितलंस की खाटेवर झोपलेला माणूस सकाळी चहा-नाश्ता करूनच जातो. शेठने मान हलवली आणि खाटा वाढवल्या. तू माणसं वाचवायची भाषा त्याच्यापुढे कधी वापरली नाहीस. ती मलाच ऐकवायचास.

चुकाही केल्यास. सुरुवातीला तू पोरांना शिकवलं होतंस की नाही म्हणायचं जड जात असेल तर ‘माल संपला’ म्हणा. एका जीपवाल्याला तसं सांगितलं गेलं. तो उठून पुढच्या दुकानात गेला, तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, तिथे पुन्हा पहिल्यापासून प्याला आणि घाटाच्या वळणावर झाडावर गेला. जीपमध्ये तो एकटा होता. त्यानंतर तू खोटं बोलणं बंद केलंस आणि निरोप सुरू केलास. इथे नाही म्हटलेल्या माणसाची खबर पुढच्या ढाब्याला पोहोचली पाहिजे, बसच्या कंडक्टरबरोबर, दुधाच्या गाडीबरोबर, जे मिळेल त्याबरोबर. म्हणूनच तुला शेजारचे ढाबे वर्गाला हवे होते. एका दुकानाने शहाणं होऊन भागत नाही, हे तुला त्या जीपने शिकवलं.

आणि एकदा वऱ्हाडाची गाडी अडवलीस. ड्रायव्हर दगडापाशी वाकला आणि तिथेच बसला. वऱ्हाडी चिडले, मुहूर्त जाईल म्हणाले, एकाने तुझी कॉलर धरली. ती इस्त्रीची होती. तू त्यांना जेवू घातलंस आणि ड्रायव्हर उठेपर्यंत दगडावर बसून राहिलास. लग्न उशिरा लागलं म्हणे. त्या वऱ्हाडातलं कोणी नंतर आभार मानायला आलं नाही. का येईल? त्यांच्या लेखी तू मुहूर्त चुकवलेला माणूस. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, मग तुमच्या पेपरात नेहमी हरलेलाच सामना का छापता.

त्या पट्ट्यातल्या अपघातांच्या बातम्या पुढे माझ्या टेबलावर कमी यायला लागल्या असं मला वाटायचं. मी मोजून पाहिलेलं नाही, म्हणून ते छापलं नाही. इथेही ते ‘वाटायचं’ इतकंच धर.

तू मात्र कात्रणं घेऊन यायचास. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ या शब्दांवर बोट ठेवायचास आणि विचारायचास की तो कुठे प्याला, त्याला कोणी वाढलं, किती वाढलं, उठताना कोणी पाहिलं का, हे का लिहीत नाही. मी म्हणायचो, पोलिस ते विचारत नाहीत, पुराव्याशिवाय कोणाच्या दुकानाचं नाव छापता येत नाही, आणि वाढणारा गुन्हेगार नसतो. तू म्हणायचास, ‘गुन्हेगार कोन म्हनते? हजर होता, इतकं तं लिवा.’ हा वाद आपला कधी संपला नाही. तुझ्यानंतरही संपलेला नाही. परवाच तशी एक बातमी आली आणि मी ती तशीच सोडली.

सारा, म्हणजे ठेक्यावरची देशी दारू, बंद करा म्हणत बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा तुझी पंचाईत झाली. ठेक्याची सारा त्यांच्या घरातली मजुरी पिऊन टाकत होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांच्या बाजूने लिहीत होतो. त्यांच्यातली गिरजाबाई तुझ्या ढाब्यावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘एका हातानं बाटली भरतं आन् दुसऱ्या हातानं चावी लपवतं. लय साळसूद हायेस रे तू.’ तू तिला बसायला खुर्ची दिलीस. मला नंतर म्हणालास की ती बरोबर बोलली, पण उद्या दुकान बंद झालं तर लोक कुठे जातील ते तिला विचार.

राज्यभर दारूबंदी झाली आणि तुझं म्हणणं वर्षाच्या आत दिसलं. पैनगंगेच्या पुलापलीकडे महाराष्ट्रात दुकानं उघडीच होती. आपल्याकडची माणसं फटफट्या घेऊन पूल ओलांडून जायला लागली, आणि पिऊन झाल्यावर पूल ओलांडून परत यायला लागली. पूर्वी फाट्यावरून गावात यायचं होतं. आता नदीपासून यायचं होतं. गिरजाबाईच्या गावात सारा बंद झाली, घरांत भाकर वाढली, हे खरं. पुलावरच्या बातम्या वाढल्या, हेही खरं. मला दोन्ही छापावं लागलं.

तूही पूल ओलांडलास. पलीकडच्या ढाब्यावर लागलास आणि तिथल्या पोरांना पहिल्यापासून शिकवायला बसलास. बंदी नंतर उठली, तरी तू तिथेच राहिलास. दरवर्षी वहिनीला विचारायचास, एकदा वर्गाला येता का. दोन शब्द बोललात तरी पोरांच्या ध्यानात राहील. ती म्हणायची, ‘मले नाई येत बोलता.’ आणि चहा ठेवायची.

गेल्या वर्षी मी कामासाठी निर्मलकडे निघालो होतो. वाटेत एका ढाब्यावर जेवताना, मी कोण हे माहीत नसलेल्या वाढप्याने मला एका मास्तरची गोष्ट सांगितली. मास्तरला किक बसत नव्हती, दुकानवाल्याने मारून दिली. त्याची बायको दारात दिवा घेऊन उभी होती, रात्रभर उभी होती, आणि मास्तर काही घरी आला नाही. मी ताट अर्धवट टाकून उठलो. दिवा तूच घातला होतास. दादाबद्दलच्या कुठल्याच माहितीत तो नव्हता. तुला विचारलं तर तू म्हणालास, पोरांना डोळ्यांसमोर काहीतरी दिसायला लागतं. आणि मग : ‘मले तं दिसतेच ते. रोज दिसते. ती उभी असन, आन् मी तिकडं बाटल्या धुऊन राह्यलो.’

तुझ्या पुण्यानुमोदनाला नदीच्या दोन्ही बाजूंची पोरं आली होती. बरीचशी इस्त्रीच्या शर्टात. वंदना झाल्यावर कोणीतरी बोलावं असं ठरलं आणि पुलापलीकडचा एक जण उठला. त्याने तुझे नियम सांगितले, आणि मग तू सांगायचास तशीच ती गोष्ट. दारातली बायको, दिवा, रात्रभर. त्याला माहीत नव्हतं की ती बायको समोर बायकांमध्ये बसली आहे. वहिनी उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेलो.

ती कडुनिंबाखाली उभी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘भाऊजी, मी दिवा घेऊन नाई उभी होती.’

मला वाटलं, तिला त्या रंगवण्याचा राग आला आहे. मी म्हणालो, सुखदेवने ते आपल्या मनाने घातलं होतं, पोरांना काय माहीत.

‘ते नाई,’ ती म्हणाली. ‘तुमचे दादा घरी आलते.’

मग तिने सांगितलं. अजून उजेड होता. ती कापूस वेचून नुकतीच आली होती, पोर आत झोपली होती. आपलं घर वस्तीच्या टोकाला, सडकेकडे. शेजारचे अजून वावरात होते. दादा फटफटीवर अंगणात आला. नीट आला, कुठे धडकला नाही. खाली न उतरताच हसला आणि तिला म्हणाला, आपण जरा पाणी देता का. त्या ‘आपण’वरून तिला सगळं कळलं. आदल्या बाजारी त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. तिने पाणी दिलं नाही. ती म्हणाली, जिथं पेले तिथंच जाऊन झोपा, या दारात पाऊल ठेवू नका. तो भांडला नाही. बरं म्हणाला, फटफटी वळवली आणि गेला.

मी तिला जे विचारलं ते तीस-चाळीस ओळींच्या बातमीसाठी विचारावं तसं विचारलं. सवयीने तोंडातून गेलं. मी म्हणालो, त्याला तर किक बसत नव्हती. मग परत जाताना फटफटी चालू कोणी केली?

‘बंदच कुठं केली होती?’ वहिनी म्हणाली. ‘चालूच ठेवली होती अंगनात. म्हने, बंद केली तं मले किक बसत नाई.’

आत पोरं तुझ्याबद्दल बोलत होती, ते ऐकू येत होतं. वहिनीने पदराने तोंड पुसलं नाही, रडलीही नाही. म्हणाली की तिसऱ्या दिवशी ती सांगणारच होती. ‘तितक्यात सुखदेवभाऊ आले आन् सगळं आपल्या अंगावर घेतलं. मले तवा बरं वाटलं, भाऊजी. कोनी तरी उचलून राह्यलं म्हनून. मंग दरसाली ते येत. दरसाली मी म्हनो, आता सांगतो. आन् चहा ठेवो.’ मग म्हणाली, ‘तुमी लिवता ना? त्यायले लिवा.’

म्हणून हे लिहितो आहे, सुखदेव. तिचं मौन हा आरोप आहे असं तू धरून चालला होतास. तो आरोप नव्हता. ती तुझ्यासमोर लपत होती. तू तिच्या वाक्याची वाट पाहत होतास आणि ती तुझ्या पुढच्या वर्षीच्या येण्याची. तुम्ही दोघं त्या अंगणात एकमेकांसमोर बसून एकाच माणसाला मारल्याबद्दल बोलत नव्हता, आणि मी तिथेच बसून चहा पीत होतो.

यातून तू सुटतोस का, हे मला ठरवता येत नाही. तुझा नियम चूक ठरत नाही, एवढं मात्र नक्की. तू फटफटीचं तोंड घराकडे केलंस आणि दादा घरी पोहोचला, हे तुला कधी कळलं नाही. कळलं असतं तर तू एक श्वास मोकळा घेतला असतास. पण इंजिन तुझ्याच किकेवर चालू होतं. त्या संध्याकाळी दुसरी किक कोणी मारलेलीच नाही. दादाने स्वतः फटफटी बंद केली असती, तर वहिनीने हाकलूनही तो अंगणातच राहिला असता, पायऱ्यांवर झोपला असता, आणि सकाळी तिची माफी मागितली असती. हे तू पोरांना सांगितलं असतंस. मला तुझा आवाजही ऐकू येतो, आणि सांगण्याआधी खिशातलं पेन नीट करणारा तू दिसतोस.

पुलापलीकडची पोरं वर्ग चालू ठेवणार आहेत. गोष्ट बदलावी लागेल. दिवा काढावा लागेल. वहिनी म्हणते, ती सांगायला ती स्वतः जाईल. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली.

आणि एक दुरुस्ती. पंचनाम्यात, आमच्या बातमीत आणि तुझ्या मनात इतकी वर्षं हेच होतं की दादा घरी परतताना मेला. ते खरं नाही. नाल्याच्या पुलापर्यंत तो आला तेव्हा तो तुझ्याकडे झोपायला येत होता.